खांदा बसला, पण आत काय फाटलं?

कबड्डीत पकड बसल्यावर चढाईपटूकडे एकच उपाय उरतो. घोट्याला एक जण, कमरेला दुसरा, पाठीवर तिसरा, आणि तरीही बोटाचं टोक मध्यरेषेला लागलं तर डाव आपला. म्हणून तो पालथा पडतापडताही हात डोक्यावरून पुढे फेकतो. त्याच वेळी आणखी एक बचावपटू अंगावर येऊन पडतो, फेकलेला हात मागे रेटला जातो आणि खांद्यात काहीतरी खळकन सरकतं. पोरगा उठतो तो दुसऱ्या हाताने कोपर सांभाळत. दंडाची गोलाई गेलेली, तिथे खांद्याच्या टोकाचं हाड कोपऱ्यासारखं वर आलेलं आणि पुढच्या बाजूला, काखेच्या वर, नको तिथे एक फुगवटा.

मग गर्दीतून कुणीतरी जाणता पुढे येतो. ‘हात सैल सोड’ म्हणतो, ओढतो, फिरवतो. खट्ट आवाज येतो, पोराच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, ‘बसला, बसला’ म्हणून टाळ्या पडतात. दोन-तीन आठवड्यांत गडी पुन्हा मैदानात. आणि तीन महिन्यांनी तोच खांदा पुन्हा उतरतो, या वेळी टी-शर्ट काढताना.

असं का होतं आणि त्यावर शस्त्रक्रियेत नेमकं काय करतात, ते पाहू.

खुब्याचा सांधा म्हणजे खोल वाटीत बसलेला गोळा. खांद्याचं तसं नाही. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि तो ज्याच्यावर टेकतो ती खवाट्याच्या हाडाची खोबण अगदी उथळ, बशीसारखी. बशीवर मोसंबं ठेवावं तसं. त्यात ही बशी आडवीही नाही, भिंतीला टेकवल्यासारखी उभी. कुठल्याही क्षणी गोळ्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा तिच्याशी भिडलेला असतो. हात पाठीमागे, डोक्यावर, गोल असा कुठेही फिरतो तो या उथळपणामुळे, आणि खांदा सगळ्यांत जास्त निखळतो तोही त्याच कारणाने.

मग एरवी तो जागेवर राहतो कसा? बशीच्या काठाला सभोवार कूर्चेची एक कड असते. तिला लेब्रम म्हणतात. कुकरच्या झाकणातलं रबर आठवा: ते बारीक असतं, पण त्याच्याशिवाय वाफ धरत नाही. लेब्रममुळे बशीची खोली जवळपास दुप्पट होते आणि सांध्यात हलकी पोकळी धरून राहते. लेब्रमच्या खालच्या-पुढच्या भागाला एक मजबूत पट्टा जोडलेला असतो. हात वर आणि बाहेर वळला की हा पट्टा ताणून गोळ्याला पुढे जाऊ देत नाही. आणि वरून रोटेटर कफ नावाचे चार स्नायू गोळ्याला पुढून, वरून आणि मागून बशीकडे ओढून धरतात.

हात डोक्यावर, बाहेर वळलेला, आणि मागच्या दिशेने रेटा. चेंडू फेकण्याच्या तयारीतला हात किंवा मध्यरेषेकडे झेपावलेला हात. या स्थितीत स्नायूंची पकड ढिली पडते आणि सगळा भार त्या एका पट्ट्यावर येतो. पट्टा सहसा मधोमध तुटत नाही. तो लेब्रमला बशीच्या काठापासून उचकटून काढतो. गोळा त्या फटीतून पुढे घसरतो. निखळलेल्या खांद्यांपैकी शंभरात पंचाण्णवच्या आसपास असे पुढच्या बाजूला निखळतात. लेब्रम सुटण्याच्या या जखमेला बँकार्ट हे नाव मिळालं ते ब्लंडेल बँकार्ट या इंग्रज शल्यविशारदावरून. त्याने १९२३ आणि १९३८ साली याविषयी लिहिलं. जर्मनीतल्या पर्थेसने हीच गोष्ट १९०६ मध्येच सांगितली होती, पण नाव चिकटलं बँकार्टचं. वैद्यकातही ज्याचं त्याला मिळतंच असं नाही.

आणखी एक इजा त्याच क्षणी होते. बाहेर घसरलेल्या गोळ्याची मऊ पाठ बशीच्या टणक काठावर आपटते आणि तिच्यावर पोचा पडतो. हिल आणि सॅक्स या दोन क्ष-किरणतज्ज्ञांनी १९४० मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून तो हिल-सॅक्सचा पोचा. म्हणजे एका पडण्यात दोन जखमा झाल्या: काठाचं रबर सुटलं आणि गोळ्याला खोक पडली. खांदा बसवल्यावर यांतली एकही आपोआप जागेवर येत नाही. सुटलेलं लेब्रम बहुतेकदा बशीच्या मानेवर आत घसरतं आणि तिथेच, चुकीच्या जागी, चिकटतं. वरून सगळं ठीक, आतून काठ उघडा.

खांदा बसवणं ही विद्या जुनी आहे. खांद्याचा सांधा सुटला तर काखेत मुसळ लावून वर उचलावा आणि जागेवर आल्यावर स्वस्तिकाच्या आकाराचा बंध बांधावा, असं सुश्रुतसंहितेत सांगितलं आहे. हिपोक्रेटिसच्या परंपरेत काखेत टाच रोवून हात ओढतात. तेव्हा मैदानावरच्या त्या जाणत्याला परंपरा आहे, हे मान्य. अडचण अशी की त्याला आतलं दिसत नाही. गोळ्याबरोबर हाडाचा तुकडा मोडलेला असेल तर ओढण्याने तो तुकडा आणखी सरकतो. काखेतून जाणारी शीर आणि चेतातंतू ताणलेले असतात, ते दुखावतात. म्हणून रुग्णालयात आधी दोन गोष्टी तपासतात. एक, मनगटाची नाडी. दुसरी, दंडाच्या बाहेरच्या बाजूला, शाळेच्या गणवेशावर बिल्ला शिवायचो साधारण त्या जागेवर, बोट फिरवून ‘कळतंय का?’ असं विचारतात. तिथे बधिरपणा असेल तर काखेतला तंतू ताणला गेला आहे. तो बहुधा काही महिन्यांत सुधारतो, पण बसवण्याआधीच बधिर होता की बसवल्यानंतर झाला, याची नोंद हवी. मग एक्स-रे, मग झोपेचं किंवा वेदनाशामक औषध देऊन सावकाश खांदा बसवणं, मग पुन्हा एक्स-रे. घाई आणि जोर या दोन्ही गोष्टी इथे वाईट.

खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो: शस्त्रक्रिया करायची की नाही?

चाळिशीच्या पुढे खांदा पहिल्यांदा निखळला तर तो पुन्हा निखळण्याची शक्यता कमी. त्या वयात भीती असते रोटेटर कफ फाटल्याची. विशीच्या आतल्या खेळाडूत हिशेब उलटा. तिथे पुन्हा निखळण्याचं प्रमाण अर्ध्याहून जास्त, आणि अंगाला अंग भिडवणाऱ्या खेळांतल्या तरुणांवरच्या काही अभ्यासांत दहातले आठ-नऊ. झोळीत हात किती दिवस ठेवला याने या आकड्यात फारसा फरक पडत नाही, ही गोष्ट आईवडिलांना पटवणं फार जड जातं. त्यांना वाटतं, पोराने विश्रांती घेतली नाही म्हणून असं झालं.

बाल्ग आणि बुआलो या शल्यविशारदांनी २००७ साली एक सोपी गुणमोजणी मांडली, दहा गुणांची. सुटलेलं लेब्रम दुर्बिणीतून नुसतं शिवून भागेल का, याचा अंदाज तिच्यावरून बांधतात. आपल्या चढाईपटूला ती लावून पाहू. वय २० किंवा कमी: २ गुण. स्पर्धात्मक पातळीवर खेळतो: २. खेळ अंगलगटीचा: १. हे पाच गुण त्याचा एक्स-रे काढण्याआधीच झाले. सांधे मुळात सैल असते तर आणखी १ मिळाला असता; नाहीत असं धरू. आता एक्स-रे. हात बाहेर वळवून काढलेल्या चित्रातही गोळ्यावरचा पोचा दिसला: २. बशीच्या खालच्या कडेची रेषा तुटक दिसली असती तर अजून २. म्हणजे आपला गडी सातवर आला. त्या अभ्यासात सहाहून जास्त गुण असलेल्यांपैकी दहातल्या सातांचा खांदा नुसत्या शिवणीनंतर पुन्हा निसटला होता. परीक्षेत गुण वाढले की पेढे वाटतात, इथे प्रत्येक गुण हाडाच्या शस्त्रक्रियेकडे ढकलतो.

या मोजणीत हाडाला एवढं वजन का, याचं उत्तर त्याआधी सात वर्षं मिळालं होतं. अमेरिकेतले बर्कहार्ट आणि दक्षिण आफ्रिकेतले डी बीर यांनी २००० साली दुर्बिणीतून केलेल्या १९४ शिवणींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात रग्बीसारखे टकरीचे खेळ खेळणारे बरेच होते. हाड शाबूत असलेल्या टकरीच्या खेळाडूंत पुन्हा निखळण्याचं प्रमाण साडेसहा टक्के निघालं. ज्यांचं हाड लक्षणीय झिजलं किंवा तुटलं होतं त्यांच्यात ८९ टक्के. शिवण तीच, खेळ तसाच, फरक फक्त हाडाचा. बशीचा काठच झिजला असेल तर त्याला रबर कितीही चांगलं शिवा, गोळा घसरणारच. तेव्हापासून एमआरआयबरोबर थ्री-डी सीटी स्कॅन मागतात: एमआरआयमध्ये लेब्रम आणि स्नायू दिसतात, सीटीमध्ये बशीचा काठ किती गेला ते मोजता येतं. वीस-पंचवीस टक्के हाड गेलं असेल तर नुसती शिवण नको, यावर बहुतेकांचं एकमत आहे. त्याच्या खाली, पंधरा टक्क्यांच्या आसपास, वाद आहेत.

पहिल्याच वेळी शस्त्रक्रिया करावी का, यावरही डॉक्टरांत दोन मतं आहेत. माझं मत विचाराल तर, एकोणीस वर्षांचा मुलगा पुढची दहा वर्षं कबड्डी खेळणार असेल तर थांबण्यात शहाणपण नाही. खांदा दर वेळी उतरताना काठाचं थोडं हाड घेऊन जातो, आणि आज शिवणीवर भागणारं काम उद्या हाड कापण्यावर जातं. पस्तिशीच्या, रविवारी क्रिकेट खेळणाऱ्या माणसाने मात्र आधी व्यायाम करून पाहावा.

आता शस्त्रक्रियागृहात. पूर्ण भूल असतेच, पण तिच्याआधी बहुतेक ठिकाणी मानेच्या बाजूला सोनोग्राफीच्या मदतीने सुई घालून हाताकडे जाणाऱ्या चेतातंतूंभोवती बधिर करणारं औषध सोडतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरचे बारा-पंधरा तास हात लाकडासारखा पडून राहतो. कधीकधी त्या बाजूची पापणी जड होते, आवाज घोगरा होतो, श्वास थोडा अपुरा वाटतो. नातेवाईक घाबरतात. हे औषध उतरलं की सगळं जातं.

रुग्णाला एक तर आरामखुर्चीसारखं बसतं करतात, नाही तर कुशीवर झोपवून हात हलक्या वजनाने ओढून धरतात. खांद्याच्या मागच्या बाजूला, हाडाच्या कोपऱ्यापासून दोनेक सेंटिमीटर खाली आणि थोडं आत, एक मऊ जागा असते. तिथे जेमतेम बोटाच्या नखाएवढा छेद. त्यातून चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत जाते. तिचं टोक तिरकं, तीस अंशांत पाहणारं, त्यामुळे नळी नुसती फिरवली तरी कोपऱ्याआडचं दिसतं. पंपाने मिठाचं पाणी सोडून सांधा फुगवतात, पाण्याच्या दाबाने रक्तस्राव दबतो आणि चित्र स्वच्छ राहतं. पुढच्या बाजूने आणखी दोन छोटी छिद्रं, त्यांत प्लॅस्टिकच्या नळ्या. हत्यारांची ये-जा त्यांतून.

पडद्यावर बशी गुळगुळीत, पांढरीशुभ्र दिसते. उजवा खांदा असेल तर तिला घड्याळ समजतात: बारा वर, सहा खाली, तीन पुढे. बँकार्टची जखम साधारण तीन ते सहाच्या मध्ये. तिथे पांढऱ्या काठाला लागून लेब्रम असायला हवं आणि नसतं. ते आत, खाली, वळकटीसारखं पडलेलं असतं.

पुढचं काम गवंड्याचं आणि शिंप्याचं मिळून आहे. जुनं प्लॅस्टर न खरवडता नवा गिलावा दिला तर तो टिकत नाही. म्हणून आधी चपट्या हत्याराने चुकीच्या जागी चिकटलेलं लेब्रम सोडवतात, पार त्याच्या पलीकडचा, खांद्याच्या पुढचा स्नायू दिसेपर्यंत, आणि ते स्वतःहून वर तरंगू लागलं की पुरेसं मोकळं झालं असं समजतात. मग हाडाचा काठ कानशीने घासून रक्ताळवतात. लेब्रम आणि हाड जोडतं ते हे रक्त. धागा फक्त ते जुळेपर्यंत धरून ठेवतो.

मग अँकर. हाडात बसवायचा साधारण तीन मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक खुंट, त्याला मजबूत धागे जोडलेले. काही प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे, काही हळूहळू विरघळणारे, काही नुसत्या धाग्याच्या गुंडीचे. पहिला सगळ्यांत खाली, साडेपाचच्या ठोक्याला, बशीच्या अगदी काठावर. आत घसरला तर लेब्रमची कड उभी राहत नाही, पुन्हा तोच उथळपणा. वाकड्या टोकाच्या सुईने धागा लेब्रम आणि पट्टा यांच्यातून ओढून घेतात, आणि ओवताना खालचा भाग थोडा वर उचलतात, कारण दुखापतीत तो खाली सैलावलेला असतो. नळीच्या बाहेर सरकगाठ मारतात, ती ढकलत आत नेतात आणि गोळ्यापासून दूर, कडेच्या मागे बसवतात. गोळ्यावर घासणारी गाठ सांधा खराब करते. मग साडेचार, मग तीन. किमान तीन अँकर, पुष्कळदा चार. शेवटी काठावर एक उंच, भरीव बंधारा उभा राहिलेला दिसतो आणि गोळा आपोआप बशीच्या मध्यावर येऊन बसतो. तासा-दीड तासाचं काम.

गोळ्यावरचा पोचा मोठा आणि काठात अडकणारा असेल तर त्याच वेळी मागच्या स्नायूचा कंडरा त्या खळग्यात शिवून टाकतात. याला फ्रेंचमध्ये रांप्लिसाज म्हणतात, म्हणजे भरणी. खड्डा बुजवला की चाक अडकत नाही. मोबदल्यात हात बाहेर वळवण्याची थोडी मोकळीक जाते, आणि गोलंदाजाला ती थोडीशीही महाग पडू शकते. म्हणून खेळ विचारल्याशिवाय हा निर्णय घेत नाहीत.

आणि सात गुणांचा आपला चढाईपटू, सीटीत काठाचं हाडही गेलेलं निघालं तर? त्याच्यासाठी लातार्जे. फ्रान्समधल्या लिआँचे मिशेल लातार्जे यांनी १९५४ मध्ये ही युक्ती सांगितली. खांद्याच्या पुढच्या बाजूला, खवाट्याच्या हाडालाच, कावळ्याच्या चोचीसारखा एक बाक असतो. त्याचा दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा त्याला चिकटलेल्या कंडऱ्यांसकट कापतात, पुढचा स्नायू त्याच्या तंतूंच्या दिशेने फाकवून वाट करतात आणि तो तुकडा बशीच्या झिजलेल्या काठावर दोन स्क्रूंनी बसवतात. बशी रुंद झाली, हा एक फायदा. मोठा फायदा दुसरा: हात वर-बाहेर नेला की तुकड्याबरोबर आलेला कंडरा गोळ्यासमोर आडवा ताणतो, दाराला आडणा घालावा तसा. ज्या स्थितीत खांदा निसटायचा, नेमक्या त्याच स्थितीत कुलूप लागतं. पण याची किंमत आहे. चेतातंतू जवळून जातात, स्क्रू चुकीच्या कोनात गेला तर गोळ्याला घासतो, हाड जुळलं नाही तर तुकडा विरतो. ज्याने हे काम मोजकंच केलं आहे त्याच्या हाती खांदा देऊ नये.

खांद्याच्या प्रत्येक दुखापतीला हाच हिशेब लागू नाही. कुस्तीगीर किंवा सायकलपटू खांद्याच्या टोकावर आपटला की निखळतो तो वेगळा सांधा, हासळीच्या हाडाच्या टोकाचा. त्याचे सहा प्रकार मानतात. पहिल्या दोनांना झोळी आणि धीर पुरे, तिसऱ्यावर वाद, पुढच्या तिन्हींना शस्त्रक्रिया. व्यायामशाळेत बेंच प्रेस करताना छातीच्या स्नायूचा कंडरा तुटला तर तिथे मात्र वाट पाहू नये: काही आठवड्यांत शिवलं तर सोपं, नंतर कंडरा आखडून जातो.

आपल्या चढाईपटूची शस्त्रक्रिया झाली की सुरू होतो तो सगळ्यांत कंटाळवाणा भाग. साधारण चार आठवडे झोळी. या काळात बोटं, मनगट, कोपर हलवत राहायचं, पण हात बाहेर वळवायचा नाही. मग फिजिओच्या हाताखाली हळूहळू हालचाल. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात दुखणं जवळजवळ थांबतं आणि खेळाडू नेमका इथेच फसतो. त्याला वाटतं बरा झालो. लेब्रम आणि हाडाची जुळणी मात्र बाराएक आठवडे चालूच असते. तीन महिन्यांनंतर ताकद वाढवायची, मग झेप, मग पडण्याचा सराव, आणि टक्कर पाच-सहा महिन्यांनी, तीही दुखऱ्या हाताची ताकद दुसऱ्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आल्यावर. सगळं नीट करूनही दहातल्या एखाद्याचा खांदा पुन्हा निसटतो, हे आधीच सांगणारा डॉक्टर चांगला.

मुंबईचा क्रिकेटपटू श्रेयस अय्यर याचं उदाहरण घ्या. २३ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध चेंडू अडवायला त्याने सूर मारला आणि डावा खांदा अर्धवट निखळला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली, आयपीएलचा पहिला टप्पा हुकला, आणि तो परतला सप्टेंबरमध्ये, अमिरातीतल्या दुसऱ्या टप्प्यात. नोव्हेंबरमध्ये कानपूरला पहिल्याच कसोटीत त्याने १०५ धावा केल्या. उत्तम डॉक्टर आणि फिजिओ हाताशी असलेल्या व्यावसायिक खेळाडूलाही पाच महिने लागले, हे गावच्या संघाच्या व्यवस्थापकाने लक्षात ठेवावं.

तुमच्यासमोर मैदानावर कुणाचा खांदा उतरलाच, तर हात ज्या स्थितीत आहे तसाच उपरण्याच्या झोळीत बांधा, नाडी पाहा, कुणालाही ओढू देऊ नका आणि एक्स-रे निघेल अशा रुग्णालयात न्या. बसवण्यापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन्ही एक्स-रे जपून ठेवा. आणि पोराचा चेहरा उतरलाय म्हणून त्याला चहा-बिस्किटं देऊ नका: खांदा बसवायला भूल लागू शकते, आणि भरल्या पोटी ती देता येत नाही.